रविवार कुणाच्या मालकीचा

शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस, आमचा रविवार, पवित्र पाळावा, ही बायबलच्या दहा आज्ञांतली आज्ञा माझ्या माहेरी चौथी आणि सासरी तिसरी. प्रॉटेस्टंट मूर्तींविषयीची आज्ञा वेगळी मोजतात. कॅथलिक ती पहिलीतच धरतात आणि शेवटी लोभाच्या दोन करून दहाचा आकडा जुळवतात, त्यामुळे मधल्या सगळ्या एका घराने पुढेमागे सरकतात. मी नगर जिल्ह्यातली, अमेरिकन मराठी मिशनच्या चर्चमध्ये वाढलेली. लग्न होऊन वसईला आले. सुरुवातीला सासूबाई आणि मी आज्ञांचे नंबर सांगताना एकमेकींना दुरुस्त करायचो. पण खून, चोरी, खोटी साक्ष यांचा संबंध आमच्या घरात रोज थोडाच येत होता? घराचं वेळापत्रक ठरवायची ती ही एकच आज्ञा. म्हणून तिच्यापुरतंच लिहिते.

अमेरिकन मिशनरी 1813 मध्ये मुंबईत उतरले आणि 1831 मध्ये त्यांनी नगरला ठाणं केलं. माणसं न्यू इंग्लंडच्या वळणाची, त्यामुळे रविवार कडक. खरेदी-विक्री नाही, शेतातलं काम नाही, खेळ-तमाशा तर नाहीच. त्यांनी 1842 मध्ये नगरहून ‘ज्ञानोदय’ सुरू केलं, शाळा काढल्या, आणि 1876-78 च्या दुष्काळानंतर खेड्यापाड्यांतली महार-मांग कुटुंबं मोठ्या संख्येने चर्चमध्ये आली. आता गंमत बघा. आठवड्यातून एक दिवस काम बंद ठेवा, असं ज्यांना सांगितलं त्यांचा एकही दिवस त्यांच्या मालकीचा नव्हता. येसकराची पाळी म्हणजे वेशीवरची राखण, सांगावा घेऊन परगावी धावणं, सरकारी माणसाचं ओझं वाहणं, मेलेलं जनावर ओढून नेणं, हे महाराच्या वाट्याचं गावकीचं काम. त्याच्या बदल्यात बलुतं आणि वतनाचा तुकडा. पाटलाची हाक आली की आज वार कोणता हे विचारायची सोय नव्हती. ‘आज रविवार, येत नाही’ असं म्हणणाऱ्याने देवाची आज्ञा पाळली खरी, पण त्याच वाक्यात पाटलाची मोडली. बाजार रविवारचा असेल तर आणखी पंचाईत, कारण मजुरीचे पैसे हातात आले की मीठ-मिरची त्याच दिवशी मिळायची. मिशनच्या बंगल्यात राहून शब्बाथ पाळणं सोपं होतं, असं मी म्हणते ते कुचेष्टेने नाही. त्यांना पगार होता आणि घरात नोकर होते, एवढंच. महारांची ही कनिष्ठ वतनं कायद्याने गेली ती 1958 च्या कायद्यानंतर.

माझे आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते आणि प्रवरेच्या कालव्याखाली त्यांचा जमिनीचा एक लहानसा तुकडा होता. भंडारदऱ्याचं धरण 1926 मध्ये पुरं झालं तेव्हापासून त्या भागाला पाटाचं पाणी, आणि पाटाच्या पाण्याला पाळी. पाटकरी सांगेल त्या वेळेला दारं धरायचं, नाहीतर पाणी पुढच्याच्या शेतात. एकदा पाळी नेमकी रविवारी, उपासनेच्या वेळेला आली. पाळकसाहेब वाटेत भेटले. आजोबा बांधावर फावडं घेऊन उभे, धोतर वर खोचलेलं, पोटऱ्यांना चिखल. साहेब काही बोलायच्या आत आजोबाच म्हणाले, “बैल विहिरीत पडला तर शब्बाथलाही काढावा, असा प्रभूचाच दाखला आहे. माझा ऊस विहिरीबाहेर मरतोय, त्याला काही आहे का?” साहेब हसले. मग वहाणा काढून आत आले आणि दुसऱ्या वाफ्याचं तोंड त्यांनी स्वतः मातीने बांधलं. त्या दिवशी उपासना उशिरा लागली. गावात याची चर्चा पुष्कळ झाली. काही वडील मंडळींना हे मुळीच रुचलं नाही.

वसईचा रविवार निराळा. इथे पोर्तुगीज 1534 पासून होते, 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, आणि मराठ्यांच्या राज्यातही इथले ख्रिस्ती ख्रिस्तीच राहिले. म्हणजे आज्ञा पाळायची सवय आमच्या नगरपेक्षा तीनशे वर्षं जुनी. जेझुइट मिशनरी फादर स्टीफन्सनी दहा आज्ञांची कथा मराठी ओव्यांत सांगितली तीसुद्धा 1616 मध्ये. इथे भर कामाच्या बंदीपेक्षा मिस्सेवर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेवर. रविवारची मिस्सा जाणूनबुजून चुकवली तर मोठं पाप, गरजेच्या कामाला मात्र धर्मगुरू मोकळीक देऊ शकायचे. जोडीला चर्चच्या स्वतःच्या आज्ञा होत्याच, त्यांतली शुक्रवारी मांस न खाण्याची सगळ्यांना ठाऊक. आमच्या घरी त्या दिवशी मासळी शिजायची. त्याला त्याग म्हणायचं की चैन, हे मी कधी विचारलं नाही.

खरी कसोटी उपासाची. मिस्सेत कम्युनियन, म्हणजे ख्रिस्तप्रसाद, घ्यायचं तर मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही पोटात जाता कामा नये, असा नियम होता. रोमने 1953 मध्ये पाणी प्यायची मुभा दिली, 1957 मध्ये उपास तीन तासांवर आणला आणि 1964 मध्ये एका तासावर. सासूबाईंच्या तरुणपणी हे काही नव्हतं. घरची केळीची आणि पानवेलीची वाडी. शनिवारी रात्री भाजीच्या जुड्या बांधायच्या, रविवारी अंधारात पहिली मिस्सा लॅटिनमध्ये ऐकायची, तीही कोरड्या घशाने. मग टोपली डोक्यावर घेऊन स्टेशन गाठायचं, कारण मुंबईच्या गिऱ्हाइकाला रविवारीच भाजी जास्त लागते. पाणी त्या गाडीत बसल्यावर प्यायच्या. घरी आल्यावर सगळ्यांसाठी रविवारचं जेवण करायचं, ते वेगळंच.

बायबलमध्ये या आज्ञेत कुणी काम करू नये याची यादी आहे: तू, मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरंढोरं, वेशीतला परका. बायकोचं नाव नाही. हे मी एकदा स्वयंपाकघरात सासूबाईंना दाखवलं. त्यांनी पातेल्यावरून मान न उचलता विचारलं, “गुरांचं आहे ना?” आहे, म्हटलं. “मग बरं.” माहेरी माझी आजी शनिवारीच सरपण फोडून, पाणी भरून, चटण्या कुटून ठेवायची, म्हणजे रविवारी कामाला हात लागायला नको. आज्ञा पाळली जायची. दोन दिवसांचं काम एका दिवसात व्हायचं.

हे झालं घरातलं आणि शेतातलं. मुंबईच्या गिरण्यांत तर एकोणिसाव्या शतकात रविवारच्या सुट्टीचा नेमच नव्हता. ती मागणी 1884 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी लावून धरली. लोखंडे सत्यशोधक, रविवार हा खंडोबाचा वार, असा दाखला त्या मागणीमागे सांगितला जातो. 10 जून 1890 ला गिरणीमालकांनी सुट्टी मान्य केली आणि पुढच्या वर्षीच्या कारखाना कायद्यात आठवड्याची सुट्टी आली. त्या गिरण्यांत ख्रिस्ती कामगार असेल, तर त्याला चर्चला जायला मोकळा दिवस मिळाला तो या लढ्यामुळे. आमच्या चर्चमध्ये रविवारविषयी मी पुष्कळ प्रवचनं ऐकली आहेत. लोखंड्यांचं नाव त्यांतल्या एकाही प्रवचनात आलं नाही. पाळकांनी आणि फादरांनी ते आता घ्यावं.