भाऊबंदकीच्या युद्धातील वीरांचे स्मरण

देवळाचा जीर्णोद्धार म्हणजे केवळ दगड-चुन्याचे काम नव्हे. ज्यांनी गाव राखले, त्या पूर्वजांच्या ऋणाचे ते स्मरणही असते. परकीयांशी लढून धारातीर्थी पडलेल्या वीरांचे पोवाडे झाले. परंतु मराठ्यांच्या घरात एक युद्ध असेही झाले, की ज्यात दोन्हीकडचे शिपाई एकाच मातीतले होते. त्यांची आठवण मात्र फारशी निघत नाही.

इ. स. १७०७ मध्ये औरंगजेब बादशहा अहमदनगरजवळ, म्हणजे आजच्या अहिल्यानगरजवळ, मरण पावला. त्याच वर्षी संभाजी महाराजांचे पुत्र शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून दक्षिणेत आले. रायगड पडल्यापासून, म्हणजे १६८९ पासून, ते कैदेत होते. इकडे राजाराम महाराजांच्या निधनानंतर, १७०० पासून, महाराणी ताराबाईंनी पुत्र शिवाजीराजे यांच्या नावाने राज्य राखले होते. बादशहाशी सात वर्षे झुंज देऊन राखलेली गादी सोडावी कशी, हा त्यांचा प्रश्न होता. शाहूंचा हक्क थोरल्या घराचा होता. दोन्ही पक्षांची बाजू खोटी नव्हती आणि म्हणूनच तो प्रसंग कठीण होता.

ऑक्टोबर १७०७ मध्ये भीमाकाठी खेड येथे दोन्ही फौजा समोरासमोर आल्या. आलेले शाहू हे तोतया आहेत, असे ताराबाईंच्या पक्षाचे म्हणणे होते. सेनापती धनाजी जाधव यांची खात्री पटली, तेव्हा ते शाहूंना मिळाले. प्रतिनिधी परशुराम त्रिंबक यांना माघार घ्यावी लागली. कालपर्यंत मोगलांविरुद्ध एका निशाणाखाली लढलेले मावळे, बारगीर, शिलेदार त्या दिवशी एकमेकांवर तलवार उपसून उभे राहिले. १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यास शाहू महाराजांना राज्याभिषेक झाला, तरी यादवी पुढे कित्येक वर्षे चालली.

इमान कोणाशी राखावे, या पेचाने थोरामोठ्यांनाही ग्रासले. राजाराम महाराज जिंजीस असता ज्यांनी रामचंद्रपंत अमात्यांच्या जोडीने स्वराज्य सांभाळले, ते सचिव शंकराजी नारायण ताराबाईंना शपथेने बांधलेले होते. शपथ मोडवेना आणि शाहूंवर शस्त्र धरवेना. अखेर १७०७ मध्येच भोरजवळ आंबवडे येथे त्यांनी स्वतःच्या हाताने जीवन संपविले. त्यांची समाधी तेथे आहे. शाहू महाराजांनी त्यांचे अल्पवयीन पुत्र नारो शंकर यांस सचिवपद दिले. ताराबाईंच्या बाजूचे कान्होजी आंग्रे यांच्याशीही पुढे समेट करून त्यांचे सरखेलपद कायम केले. विरोधकाच्या घराचा मान ठेवणे, हा जेत्याचा खरा मोठेपणा. पुढे १७३१ मध्ये वारणेच्या तहाने सातारा व कोल्हापूर या दोन गाद्यांची हद्द ठरली आणि भांडण मिटले.

तह राजांचा झाला. पण पडलेल्या शिपायांच्या घरी काय उरले? ज्यांची नावे कोठल्या बखरीत आली नाहीत, त्यांना लोकांच्या चालीरीतींनी जपले आहे. भाद्रपद वद्य चतुर्दशीस शस्त्राने मृत्यू आलेल्यांचे श्राद्ध करतात. त्या तिथीला मृताचा पक्ष विचारीत नाहीत. कित्येक देवघरांत घोड्यावर बसलेल्या वीराचा टाक असतो. नाशकात धुळवडीच्या दिवशी असे वीर वाजतगाजत मिरवून गोदावरीत स्नानास नेतात. जुन्या देवळांपुढील वीरगळ बहुतेक यादव-शिलाहारांच्या काळचे, म्हणजे या युद्धाच्याही फार आधीचे; पण त्यांची शिकवण तीच आहे. खाली लढणारा वीर, मध्ये त्याला स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. त्याने कोणासाठी तलवार धरली, हे बहुतेक दगडांवर लिहिलेले नाही. तो गावाचा होता, एवढेच गावाने लक्षात ठेवले.

जीर्णोद्धाराच्या घाईत असे दगड पायरीला लागतात, कधी धुण्याच्या दगडाला जातात, कधी शेंदराखाली त्यांचे रूप हरपते. नव्या फरशीबरोबर त्यांनाही देवळाच्या आवारात ओट्यावर मानाची जागा मिळावी. देणगीदारांच्या नावांचा फलक लागेल, तो योग्यच आहे. त्याच्या शेजारी हे निनावी देणगीदारही उभे असावेत, कारण त्यांनी दिलेल्या देणगीची पावती कोणी फाडलेली नाही. दोन्ही बाजूंना पडलेल्या त्या सर्व वीरांना ग्रामदैवताच्या चरणी चिरशांती लाभो, हीच प्रार्थना.