४२.३४ मीटरवरचा आवाज

१९४२ च्या ९ ऑगस्टला पहाटे गांधीजी आणि इतर पुढारी मुंबईत पकडले गेले, वर्तमानपत्रांच्या तोंडाला कुलूप लागले. आणि २७ ऑगस्टपासून लघुलहरींवर एक आवाज उमटू लागला. ४२.३४ मीटरवर, हिंदुस्थानातून कुठून तरी, काँग्रेस रेडिओ बोलत आहे, असे तो सांगे. हा आवाज होता बावीस वर्षांच्या उषा मेहता यांचा. आष्टी-चिमूरच्या अत्याचारांची बातमी सरकार दाबीत होते. ती या आवाजाने घरोघर पोचवली.

वाचकहो, ४२.३४ मीटर म्हणजे सुमारे सात मेगाहर्ट्झ. हा पट्टा हौशी नभोवाणीवाल्यांचा. आजही त्यांचाच आहे. दिवसा येथील लहरी आकाशातल्या विद्युत्भारित थरावर आपटून काही शे किलोमीटरवर उतरतात. मुंबई ते आमचे देवळे एवढा पल्ला त्यांना सहज साधतो. येथे ठरल्या वेळी हौशी मंडळींचा ‘नेट’ भरतो. एक जण सूत्रधार. तो पुकारा करतो, मग एकेकाने आपले ‘व्हीयू’ने सुरू होणारे सरकारी बोधचिन्ह सांगून हजेरी द्यायची आणि आपली पाळी येईतो गप्प बसायचे. (आमच्या गावसभेत ही शिस्त कधी दिसेल?) आपण कोण, हे आधी सांगितल्यावाचून येथे बोलता येत नाही. काँग्रेस रेडिओला नेमके तेच लपवावे लागले!

१९३९ साली महायुद्ध पेटताच हौशी लोकांची प्रक्षेपक यंत्रे सरकारने जमा करविली. त्यांतलेच एक नरिमन प्रिंटर. त्यांनी यंत्र बांधून दिले, शिकागो रेडिओच्या नानक मोटवाने यांनी सामग्री पुरविली. पोलिसांची शोधक यंत्रे माग काढीत, म्हणून बिऱ्हाड सारखे हलवावे लागे.

तरी घात झालाच, आणि तो बाहेरून नव्हे. ज्यांनी यंत्र बांधले, ते प्रिंटरच पोलिसांना घेऊन आले. १२ नोव्हेंबरला महालक्ष्मीजवळच्या पॅराडाइज बंगल्यावर छापा पडला, तेव्हा क्षेपण चालू होते. ‘वंदे मातरम्’ची तबकडी फिरत होती, बंद करा म्हणून दरडावले, तरी उषाबाईंनी ती शेवटपर्यंत वाजू दिली.

खटल्यात बाबूभाई खाखर यांना पाच वर्षे, उषाबाईंना चार वर्षे, चंद्रकांत झवेरी यांना एक वर्ष शिक्षा झाली. उषाबाई १९४६ साली येरवड्याहून सुटल्या.