होम थिएटर प्रोजेक्टर कसा पारखावा? खोक्यावरचे आकडे आणि भिंतीवरचे चित्र

ऑनलाइन सेलमध्ये स्वस्तात मिळणाऱ्या प्रोजेक्टरच्या जाहिरातीत '४के सपोर्ट', '९००० लुमेन', '२०० इंची चित्र' असे शब्द ठळक दिसतात. घरी आणून दिवसा क्रिकेटचा सामना लावला, की चेंडू दिसत नाही आणि धावफलकाची अक्षरे धूसर दिसतात. अशा वेळी यंत्र बिघडलेलेच असते असे नाही. अनेकदा खोक्यावरच्या आकड्यांचा अर्थच वेगळा असतो. तो समजून घेतला आणि परत करण्याची मुदत संपण्याआधी घरीच काही चाचण्या केल्या, तर पैसे वाया जाणे टळते.

'सपोर्ट' आणि 'नेटिव्ह' यांत फरक काय?

प्रोजेक्टरच्या आत चित्र तयार करणारी चिप किंवा पॅनेल असते. त्यावर प्रत्यक्षात जितके पिक्सेल असतात, ते त्याचे नेटिव्ह रिझोल्युशन. फुल एचडी म्हणजे १९२० × १०८०, अर्थात २०,७३,६०० पिक्सेल. १२८० × ७२० च्या पॅनेलवर ९,२१,६०० पिक्सेल असतात, म्हणजे निम्म्याहूनही कमी. '४के सपोर्ट' याचा अर्थ एवढाच, की यंत्र ४के सिग्नल स्वीकारते आणि तो आपल्या पॅनेलच्या आकारात लहान करून दाखवते.

चाचणी सोपी आहे. लॅपटॉप एचडीएमआय केबलने जोडून १९२० × १०८० वर ठेवावा, कीस्टोन बंद करावा आणि एक पिक्सेल काळा, एक पांढरा अशा उभ्या रेघांचे चित्र मूळ आकारात पूर्ण पडद्यावर लावावे. रेघा सुट्या दिसल्या तर पॅनेल फुल एचडी आहे. राखाडी पट्टे किंवा लाटा दिसल्या तर पॅनेल त्याहून कमी पिक्सेलचे असण्याची शक्यता मोठी.

लुमेन कोणते, हे महत्त्वाचे

नुसते 'लुमेन' किंवा 'एलईडी लुमेन' हा आकडा अनेकदा आतल्या दिव्याचा असतो. पडद्यावर पोहोचणारा उजेड सांगणारे परिमाण म्हणजे एएनएसआय लुमेन. त्यासाठी पांढऱ्या चित्राचे नऊ समान भाग करून प्रत्येक भागाच्या मध्यावर प्रकाश मोजतात, सरासरी काढतात आणि तिला पडद्याच्या क्षेत्रफळाने गुणतात. काही उत्पादक आयएसओ लुमेन देतात. तेही प्रमाणित मोजमापच असते.

हे घरीही ढोबळपणे करता येते. खोली पूर्ण अंधारी करून १६:९ प्रमाणातले १०० इंची पांढरे चित्र लावावे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २.७५ चौरस मीटर असते. फोनमधील लक्स मीटर अ‍ॅपने नऊ ठिकाणी मोजणी करावी. फोनचा सेन्सर प्रोजेक्टरकडे असावा. सरासरी १५० लक्स आली, तर प्रत्यक्ष उजेड सुमारे ४१० लुमेन. फोनचे मोजमाप अचूक नसते; पण ९००० आणि ४१० यांतला फरक दाखवायला ते पुरेसे आहे.

किती उजेड पुरतो?

अंधाऱ्या खोलीत १०० इंची साध्या पांढऱ्या पडद्याला ५०० एएनएसआय लुमेन पुरतात. चित्रपटगृहातील डिजिटल प्रोजेक्शनच्या प्रमाणाहून ते थोडे जास्तच ठरतात. चित्र २०० इंचांचे केले की क्षेत्रफळ चौपट होते आणि तेजस्वीपणा एक चतुर्थांश उरतो.

खरी अडचण खोलीतल्या उजेडाची असते. प्रोजेक्टर काळा रंग भिंतीवर टाकू शकत नाही. तो तिथे फक्त उजेड टाकत नाही. हॉलमधल्या दिव्यामुळे भिंतीवर १०० लक्स पडत असतील, तर चित्रातला काळा भागही तितकाच उजळ राहतो. ५०० लुमेनचा प्रोजेक्टर १०० इंची चित्रात आणखी सुमारे १८० लक्स देतो. म्हणजे पांढऱ्या-काळ्यातला फरक तिप्पटही नाही, मग खोक्यावर कॉन्ट्रास्ट कितीही छापलेला असो. तिथेच २५०० लुमेन असतील तर हा फरक सुमारे दहापट होतो. म्हणून आधी जाड पडद्यांचा खर्च करावा, मग जास्त लुमेनचा.

खोलीत बसेल का?

थ्रो रेशो म्हणजे लेन्सपासून पडद्यापर्यंतचे अंतर भागिले चित्राची रुंदी. १०० इंची चित्राची रुंदी सुमारे सव्वासात फूट असते. थ्रो रेशो १.२ असेल तर पावणेनऊ फूट अंतर लागते, १.५ असेल तर जवळपास अकरा फूट. दहा फुटी खोलीत दुसरा प्रोजेक्टर १०० इंची चित्र देऊच शकणार नाही.

प्रोजेक्टर तिरका ठेवून डिजिटल कीस्टोनने चित्र चौकोनी करता येते. पण त्यात पॅनेलचे काही पिक्सेल वापराविना राहतात आणि बारकावे कमी होतात. लेन्स शिफ्टची सोय असेल तर हे नुकसान होत नाही.

आणखी दोन गोष्टी

ओटीटी अ‍ॅप: काही प्रोजेक्टरमध्ये अँड्रॉइड असते, पण वाईडवाईन एल१ हे प्रमाणपत्र नसते. अशा वेळी नेटफ्लिक्ससारख्या सेवा एचडी दर्जा देत नाहीत. मान्यताप्राप्त स्ट्रीमिंग स्टिक जोडणे हा त्यावरचा उपाय.

दिव्याचे आयुष्य: पारंपरिक दिवा साधारण ३००० ते ५००० तास चालतो. रोज तीन तास पाहिल्यास ४००० तासांचा दिवा पावणेचार वर्षांच्या आत बदलावा लागतो. एलईडी आणि लेझरसाठी बहुधा २०,००० तास किंवा त्याहून अधिक आयुष्य सांगितले जाते.

थोडक्यात, खरेदी करताना आधी खोलीचे माप आणि उजेड पाहावा; मग नेटिव्ह रिझोल्युशन, एएनएसआय लुमेन आणि थ्रो रेशो हे तीन आकडे विचारावेत. विक्रेत्याने हे तीन आकडे लेखी दिले नाहीत, तर खोक्यावरच्या बाकी आकड्यांवर विसंबून पैसे मोजू नयेत.