वालाकिया : खिंडीत ठरलेलं राज्य

नोव्हेंबर 1330. कार्पेथियनच्या एका कड्यावर तुम्ही पालथे पडला आहात. अंगावर मेंढीच्या कातड्याचा डगला, हाताशी धनुष्य आणि धोंड्यांची रास. खाली वाट इतकी चिंचोळी, की चिलखती स्वाराला घोडा वळवायलाही जागा नाही. त्याच वाटेने हंगेरीचा राजा चार्ल्स रॉबर्ट परत निघालाय. त्याची फौज उपाशी आहे. आर्जेशपर्यंत धडकली, पण मुलखात दाणा मिळाला नाही.

ही वेळ टळली असती. तुमच्या व्होइवोदने, म्हणजे इथल्या राज्यकर्त्या बासाराबने, चांदीचे 7000 मार्क देऊ केले होते, सेवेरिनचा किल्ला सोडायची, मुलाला दरबारी पाठवायचीही तयारी दाखवली होती. हंगेरीचीच बखर सांगते, की राजाने ते धुडकावलं. हा तर माझा मेंढपाळ, दाढीला धरून बिळातून ओढून काढतो, म्हणाला.

“घाई नको, पोरा. मधली रांग आत येऊ दे,” शेजारचा म्हातारा पुटपुटतो. त्याचं वैर जुनं आहे. त्याच्या लहानपणी व्होइवोद लितोवोयने हंगेरीला खंडणी नाकारली आणि तो लढाईत पडला. भाऊ बर्बात कैद झाला, जबर दंड भरून सुटला. त्याच्याही आधी, 1247 मध्ये, मंगोल स्वारीने हादरलेल्या हंगेरीच्या राजा बेलाने हा डोंगरपायथा सनदेने हॉस्पिटलर या लष्करी धर्मसंघाच्या सरदारांना देऊन टाकला होता. त्या सनदेत लितोवोय आणि सेनेस्लाउ या इथल्या व्होइवोदांची नावं आहेत. म्हणजे सत्ता इथे आधीपासून होती, विखुरलेली.

इशारा होतो. धोंडे सुटतात, दोन्ही कड्यांवरून बाण येतात. खाली घोडे घोड्यांवर कोसळतात; पुढे वाट नाही, मागेही नाही. शुक्रवारी सुरू झालेली ही कत्तल सोमवारपर्यंत चालते. राजा आपलं चिलखत देझ्यो नावाच्या सरदाराला चढवून निसटतो. देझ्यो मारला जातो. राजमुद्राही इथेच हरवते.

दंतकथा वालाकियाच्या स्थापनेचं श्रेय राडू नेग्रूला देते. 1290 च्या सुमारास तो फागाराशहून डोंगर उतरून आला, म्हणे. मला विचाराल तर वालाकियाचा जन्म या खिंडीतला. हंगेरीने हक्क सांगणं पुढेही सोडलं नाही, पण बासाराबला कुणी हुसकावू शकलं नाही.

आता बावीस वर्षं पुढे या. आर्जेशच्या सेंट निकोलस चर्चमध्ये भिंतीच्या गिलाव्याजवळ डोळे न्या. कुणीतरी टोकदार वस्तूने स्लाव्होनिक अक्षरं कोरली आहेत : बायझंटाइन कालगणनेचं 6860 वं वर्ष, आणि थोर बासाराब व्होइवोद कंपुलुंगला वारल्याची नोंद. दरबारी लेखकाचा थाट नाही, ओळही वाकडी. तरी हंगेरीच्या सनदांपेक्षा मला ही ओळ मोलाची वाटते; ती इथल्याच माणसाने, आपल्या राजासाठी लिहिली. 1359 मध्ये, बासाराबचा मुलगा निकोलाए अलेक्झांड्रू गादीवर असताना, कॉन्स्टँटिनोपलने या मुलखाला स्वतंत्र धर्मपीठही दिलं.