पाटणचा मठ आणि ६१ चे वर्गमूळ

चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणच्या शिलालेखात १२०७ सालच्या एका दानाची नोंद आहे. सिंघण यादवाचा ज्योतिषी चांगदेव याने आजोबा भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याला हे दान मिळाले. त्या ग्रंथांत समीकरणाचे उत्तर दोन सीमांमध्ये कोंडण्याची सामग्री तयार होती; सीमा सांभाळण्याची शिस्त मात्र नव्हती. त्यांच्या 'बीजगणित' या ग्रंथातले गाजलेले उदाहरण घ्या: कोणत्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवला की पूर्ण वर्ग येतो? जयदेवापासून चालत आलेल्या चक्रवाल पद्धतीने २२,६१,५३,९८० आणि १,७६,६३,१९,०४९ ही जोडी निघते. (फर्माने युरोपात हाच ६१ पुढे केला तो १६५७ मध्ये.) मोठ्या संख्येला लहानीने भागले तर ६१ च्या वर्गमूळापेक्षा किंचित जास्त येते; लहानीची ६१ पट मोठीने भागली तर किंचित कमी. दोन्हींतले अंतर इतके बारीक की दशांशचिन्हानंतर आधी १७ शून्ये येतात.

भास्कराचार्यांना पूर्णांक हवे होते, सीमांची चौकट आपण मागाहून बसवतो, असा आक्षेप येईल. तो खरा आहे, आणि त्यांची लीलावतीच त्याची साक्ष देते. परिघासाठी तिथे २२/७ स्थूल आणि ३९२७/१२५० सूक्ष्म म्हटले आहे. दोन्ही किमती खऱ्यापेक्षा जास्तच. जवळीक कळते, बाजू कळत नाही. आर्किमिडीजने चौदा शतके आधी २२/७ ला वरची सीमा मानून ३ १०/७१ ही खालची सीमाही दिली होती. ग्रहगणितातले असकृत्कर्म, म्हणजे तीच आकडेमोड पुन्हा पुन्हा करणे, उत्तर स्थिरावेपर्यंत चालते, पण स्थिरावलेले उत्तर बरोबरच असते असे नाही.

सीमा सांभाळण्याची शिस्त पुढे आली: गणिती रॅमन मूर यांच्या १९६६ च्या ग्रंथाने पल्ल्याची दोन्ही टोके प्रत्येक पायरीतून नेण्याचे शास्त्र मांडले. ६१ चे मूळ ७ ते ८ मध्ये धरा. मध्यबिंदू ७.५, त्याचा वर्ग ४.७५ ने कमी पडतो. ही तूट वर्गाच्या उताराच्या (संख्येच्या दुपटीच्या) १४ ते १६ या संपूर्ण पल्ल्याने भागून मध्यबिंदूत मिळवली की ७.७९६ ते ७.८४० उरते, आणखी एका फेरीत ७.८१०२ ते ७.८१०३. खालचे टोक खाली, वरचे वर असेच पूर्णांकन करायचे. नवा पल्ला जुन्याच्या पोटात पूर्ण बसला की आत मूळ आहे आणि एकच आहे, हे सिद्धच होते. पल्ले फुगतात, ही तक्रार रास्त आहे: ७ ते ८ मधून तोच पल्ला वजा केला तर शून्याऐवजी उणे १ ते १ येते. म्हणून तर दर फेरीला जुन्या-नव्याचा सामाईक भागच ठेवतात. हाताने आकडेमोड करणाऱ्या पंचांगकर्त्याला हे दुप्पट काम कशाला परवडेल? शेपटीचे अंक गुपचूप टाकणारे संगणक आल्यावरच त्याची गरज भासली. पवईच्या आयआयटीत नियंत्रण प्रणालींच्या रचनेसाठी हेच पल्ल्यांचे गणित वापरले गेले आहे.