‘राहायला किंवा हॉटेलसाठी’

अहमदाबादच्या जुन्या शहरातली एखादी हवेली दुरुस्त होऊन विकायला निघाली, की जाहिरातीत बहुधा हे शब्द असतात : राहायला किंवा हॉटेलसाठी योग्य. मी अशा जाहिराती उगाचच वाचत बसतो. घेण्याची ऐपत नाही, पण त्यातला ‘किंवा’ मला सोडत नाही.

१४११ साली अहमदशहाने वसवलेल्या या शहरात लोक पोळांमध्ये राहत. पोळ म्हणजे रात्री बंद होणारा दरवाजा, आत अरुंद गल्ली, पक्ष्यांसाठी चबुतरा आणि एकमेकांना चिकटलेली घरं. घरापुढे ओटा, मध्ये उघडा चौक, चौकाखाली पावसाचं पाणी साठवायचं टाकं. चौकातून गरम हवा वर निघून जाते, म्हणून उन्हाळ्यातही आत बसवतं.

भिंती विटांच्या, पण त्यांत सागवानी पट्ट्या आणि खांब गुंफलेले. जमीन हलली की हा सांगाडा थोडा हलतो आणि धक्का पचवतो. २००१च्या भूकंपात शहरातल्या अनेक बहुमजली काँक्रीट इमारती कोसळल्या. पोळांतली बहुतेक जुनी घरं उभी राहिली.

आपलाही या शहराशी संबंध आहे. १७५८ ते १८१७ या काळात पेशवे आणि गायकवाड यांचा इथे वाटून अंमल होता. गायकवाड हवेलीच्या आवारात आज पोलिसांचं काम चालतं.

मग घरं रिकामी का झाली? १८६१मध्ये रणछोडलाल छोटालाल यांची पहिली कापडगिरणी सुरू झाली. गिरण्यांचा पैसा आला. १८९२मध्ये एलिस ब्रिज झाला आणि पैसेवाले हळूहळू साबरमतीपलीकडे बंगल्यांत गेले. मागे राहिले भाडेकरू, गोदामं आणि सातबाऱ्यासारखी लांबत जाणारी वारसांची यादी. त्यात दंगली. दंगलीच्या भीतीने घर मिळेल त्या भावाने विकावं लागू नये, म्हणून १९९१चा ‘अशांत धारा’ कायदा आहे. जाहीर केलेल्या भागात जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय मालमत्ता विकता येत नाही. पण त्यामुळे कोणी कोणाच्या शेजारी राहायचं, हेही सरकारी टेबलावर ठरू लागलं, अशी टीका त्यावर होते.

२०१७मध्ये युनेस्कोने या शहराला जागतिक वारसा म्हटलं. भारतातलं हे असं पहिलं शहर. पण शिक्क्याने छप्पर गळायचं थांबत नाही. लाकूड महाग, कोरीव कामाचे सुतार कमी. वारसा यादीतल्या घराच्या मालकाला न वापरलेला बांधकामाचा हक्क, म्हणजे टीडीआर, विकून दुरुस्तीला पैसे उभे करता येतात. दुसरा रस्ता हॉटेलचा. सिदी सय्यद मशिदीसमोरची मंगलदास गिरधरदास यांची १९२४ची हवेली आज हॉटेल म्हणूनच झळाळतेय.

हॉटेलला नाकं मुरडणं मला पटत नाही. पुण्यात वाडा पडतो आणि जागी इमारत उभी राहते. नाव तेवढं ‘अमुक वाडा’ उरतं. त्यापेक्षा पाहुण्यांच्या पैशावर टिकलेली तुळई कधीही चांगली.

तरी एक हिशेब उरतोच. पाहुणा दोन रात्री राहतो. चबुतऱ्यावर दाणे कोण टाकणार, पावसाआधी टाकं कोण साफ करणार, शेजारची म्हातारी दोन दिवस ओट्यावर दिसली नाही तर दार कोण ठोठावणार? एक हवेली हॉटेल झाली तर पोळ जगते. सगळ्याच झाल्या तर दरवाजा, चौक, नक्षी सगळं जागेवर असेल, पण तिथे पोळ नसेल.

म्हणून दुरुस्तीसाठी मिळणाऱ्या मदतीत राहत्या कुटुंबाचा नंबर हॉटेलच्या आधी लागायला हवा. राहणाऱ्याला ते घर परवडलं, तरच त्या जाहिरातीतला ‘किंवा’ खरा.