एका चकतीची बखर

इतिहास दप्तरांत सापडतो, तसा तो तव्यावरही सापडतो. इटलीच्या ईशान्येस फ्रिउली नावाचा डोंगराळ प्रांत आहे. तेथील ‘फ्रिको’ म्हणजे चीजची कुरकुरीत चकती. तिच्यात पीठ नाही की मैदा नाही. किसलेले मोंतासियो चीज मंद आचेवर वितळते आणि स्वतःच्याच स्निग्धांशात तळून निघते. निवली की चकती कडक होते.

१५व्या शतकात अक्विलेइयाच्या धर्माधिपतीच्या पदरी असलेल्या मार्तिनो या आचाऱ्याने आपल्या पाकग्रंथात तव्यातल्या चीजची कृती दिली आहे. तीत वरून साखर व दालचिनी घालावयास सांगितली आहे. साखर त्या काळी श्रीमंतांची चैन. डोंगरातल्या गवळ्याला ती कोठून मिळणार? त्याच्या वाट्याला येत ती चीज घडविताना कडेने कापलेली कात्रणे. ती वाया न घालविता त्याने तव्यावर टाकली. पुढे अमेरिकेतून बटाटा आला आणि मऊ फ्रिकोही निघाला. कोरडी चकती मात्र निर्भेळ राहिली.

अक्विलेइयाचे धर्मपीठ १७५१ मध्ये संपुष्टात आले. मोंतासियोच्या नावाला १९९६ मध्ये युरोपीय संघाचे कायदेशीर संरक्षण लाभले. आज फ्रिउलीत पाहुणे जमले की जेवणाआधी पेल्यांबरोबर येते ती गवळ्याची बिनसाखरेची चकती.